शिदोरीचा हिशोब

रोहिण्या लागल्या, वखरणीला जोर आला की यवतमाळच्या कास्तकाराच्या गोठ्यात ढेपेचं पोतं येतं. उन्हाळाभर कडबा-कुटारावर काढलेल्या बैलाला सरकीची ढेप भिजवून घालायला सुरुवात होते आणि पेरणी-डवरणी उरकेपर्यंत ती सुटत नाही. हातात पैसा नसला तर ढेप उधारीवर येते, पण येते. ज्याच्या खांद्यावर जू ठेवायचं त्याच्या पोटात आधी घालावं लागतं, हे कास्तकाराला कोणी शिकवलेलं नाही. त्याच हंगामात त्याच वावरात निंदायला येणाऱ्या बाईचा डबा मात्र आहे तसाच राहतो. ज्या महिन्यात तिचं अंग सर्वांत जास्त झिजतं, त्या महिन्यात तिच्या डब्यातली भाकर वाढत नाही, उलट अनेकदा घटते. ही पुस्तिका त्या डब्याविषयी आहे. कष्टकऱ्यांच्या आहारावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, पण बहुतेक लिखाण ‘काय खावं’ इथून सुरू होतं आणि तिथेच संपतं. हिरव्या भाज्या खाव्यात, कडधान्यं खावीत, फळं खावीत. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी ‘किती खावं’ आणि ‘केव्हा खावं’ ही आहे. जड काम करणाऱ्या माणसाचा आहार आधी पुरेसा असावा लागतो, मग पौष्टिक. पुरेसा म्हणजे कामाच्या मानानं, कामाच्या महिन्यात आणि कामाच्या वेळेला पुरेसा. आणि हे पुरेसेपण ज्याच्या-त्याच्या घरावर सोडून देण्यासारखं नाही, कामाच्या खर्चातच ते धरलं पाहिजे, एवढंच या प्रस्तावनेचं म्हणणं आहे.

आधी आकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणांनुसार ५५ किलो वजनाच्या, बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. मध्यम श्रमांना २१३० आणि जड श्रमांना २७२०. पुरुषासाठी ६५ किलो वजन धरलेलं आहे आणि हेच आकडे २११०, २७१० आणि ३४७० असे आहेत. आता मजुरीला जाणाऱ्या बाईच्या एका दिवसाचा अंदाज मांडू. सकाळी चहा आणि त्यासोबत रात्रीची अर्धी शिळी भाकर, म्हणजे फार तर २०० कॅलरी. दुपारी डब्यातल्या ज्वारीच्या दोन भाकरी. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ धरलं तर दोन्ही मिळून साडेपाचशे, आणि सोबत मूठभर बेसनाचं चून, ठेचा, कांदा मिळून दीडशे. रात्री दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण आणि बेताच्या तेलातली भाजी, म्हणजे सव्वासातशेच्या आसपास. बेरीज सोळाशेच्या घरात जाते. म्हणजे खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईला जेवढं लागतं, तेवढ्यावर ही बाई वावरातला दिवस काढते. यावर एक रास्त शंका येते. आपल्याकडची मजूर बाई ५५ किलोची कुठे असते? ती ४५ किलोची असेल तर तिला कमी लागणार. बरोबर आहे, दहा-बारा टक्के कमी लागेल. तरीही जड श्रमांच्या दिवशी चोवीसशेच्या आसपास जावंच लागतं आणि आठशेची खोट उरते. शिवाय तिचं वजन ४५ का राहिलं, याचं उत्तर बऱ्याचदा याच डब्यात असतं. कमी खाण्यातून आलेलं कमी वजन हेच पुढे कमी खाण्याचं समर्थन म्हणून वापरणं मला मान्य नाही.

शेतमजुरी जड की मध्यम, यावरही वाद होऊ शकतो. आहाराच्या कोष्टकांत शेतकामाला बहुतेकदा मध्यम श्रमांत टाकतात. वर्षाची सरासरी काढली तर ते चुकीचंही नाही, कारण चैत्र-वैशाखात हाताला फारसं काम नसतं. पण शरीर काही वर्षाच्या सरासरीवर चालत नाही. कापसाची वेचणी जवळून पाहावी. कमरेला ओटी बांधलेली असते, पाठ अर्धी वाकलेली, दोन्ही हात चालू. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी लागतात, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळतात. एका बोंडातून चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. दिवसाला ४० किलो वेचायचा म्हटलं तर आठ ते दहा हजार बोंडांना हात लावावा लागतो आणि ओटी भरत जाईल तसं ते वजन कमरेवर घेऊन ओळ पुढे सरकवावी लागते. संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि किलोच्या दरानं पैसे मिळतात. हे झालं वावरातलं काम. त्याच्या आधी पहाटेचं पाणी भरणं, सरपण, झाडलोट, सगळ्यांचा स्वयंपाक, आणि परत आल्यावर पुन्हा चूल. आहारशास्त्राच्या कोष्टकात कामाचे आठ तास मोजले जातात. ते आठ तास ज्याचे खरोखर आठच असतात तो सहसा पुरुष असतो. पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं अंधारात डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन परतणाऱ्या बाईचा तास कोणत्या खात्यात टाकायचा, हे कोष्टक सांगत नाही. म्हणून निंदण-वेचणीच्या महिन्यांपुरतं तरी तिचं काम जड धरावं, अशी या पुस्तिकेची भूमिका आहे.

पोटात कमी गेलं तर होतं काय? माणूस लगेच आडवा पडत नाही, आणि तिथेच हा प्रश्न नजरेआड होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी खाणकामगारांचा आणि मजुरांचा शिधा व त्यांचं काम यांची नोंद ठेवली होती. तिच्यावरचा क्राउट आणि म्युलर यांचा लेख १९४६ साली प्रसिद्ध झाला. शिधा घटला की माणशी उत्पादन घटलं, वाढवला की वाढलं, हे त्यात दिसलंच. त्याहून महत्त्वाची नोंद दुसरी होती. शिधा न वाढवता सिगारेटचं आमिष दाखवलं तेव्हाही काम वाढलं, पण मजुरांचं वजन उतरलं. म्हणजे जास्तीचं काम त्यांनी स्वतःच्या अंगातून काढून दिलं. किलोच्या दरानं होणारी वेचणी हेच करते. दर हे आमिष, आणि बाई काम करते ते स्वतःच्या मांसावर. १९७९ साली श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात झालेल्या अभ्यासात पंडुरोग असलेल्या स्त्रियांना लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांची पानं खुडण्याची मजल वाढली होती. चहाची खुडणी आणि कापसाची वेचणी ही एकाच जातीची कामं आहेत: बोटांची, उभ्या-वाकलेल्या अंगाची, तासन्‌तास न थांबता करायची. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. ‘अलीकडच्या बाया काम करत नाहीत, लवकर दमतात’ ही तक्रार बांधाबांधावर ऐकू येते. त्या तक्रारीतलं निरीक्षण खरं असेल, पण त्याचं कारण आळसात शोधण्याआधी रक्तात आणि डब्यात शोधावं.

‘शरीराला सवय होते’ हा सर्वांत जुना आणि सर्वांत भारदस्त आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याच्या मागे महाराष्ट्रातल्याच एका थोर संख्याशास्त्रज्ञाचं काम उभं आहे. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला आणि माणशी रोज २२५० कॅलरी ही त्याची कसोटी धरली. पां. वा. सुखात्मे यांनी तिला हरकत घेतली. सुखात्मे यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाची धुरा अनेक वर्षं वाहिली होती. त्यांचं म्हणणं असं की सरासरी गरज ही प्रत्येकाची किमान गरज नव्हे. एकाच माणसाचं खाणं आणि खर्च दिवसागणिक बदलतो, आणि काही मर्यादेपर्यंत शरीर मिळालेल्या अन्नाशी जुळवून घेतं. म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी म्हणता येणार नाही. संख्याशास्त्र म्हणून हा युक्तिवाद मोलाचा आहे आणि लोकसंख्येतले उपाशी मोजताना तो लक्षात ठेवायलाच हवा. पण आपला प्रश्न उपाशी किती हे मोजण्याचा नाही, विशिष्ट काम करणाऱ्या विशिष्ट माणसाला खायला किती लागतं हा आहे. शरीर जुळवून घेतं ते मुख्यतः दोन वाटांनी: वजन कमी करून आणि हालचाल कमी करून. बसून विश्रांती घेता येणाऱ्याला दुसरी वाट मोकळी आहे. किलोवर मजुरी मिळणाऱ्या बाईनं हालचाल कमी केली की मजुरी कमी होते, मजुरी कमी झाली की धान्य कमी येतं. तिच्यापुढे एकच वाट उरते, वजनाची. सुखात्मे ज्याला मर्यादा म्हणत होते ती मर्यादा हीच.

अन्न आणि मजुरी यांची ही गाठ कायद्यानं केव्हाच मान्य केलेली आहे, फक्त ती नीट मारलेली नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतन ठरवताना आहारतज्ज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार दर प्रौढामागे २७०० कॅलरी धरल्या आणि कमावत्यामागे कुटुंबाची तीन एककं मोजली. हा हिशोब मांडताना पुरुष १, बाई ०.८ आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६ अशी रीत आहे. त्यातला बाईचा ०.८ हा आकडा घरी बसणाऱ्या बाईला शोभतो. ओटी बांधून दिवसभर वेचणाऱ्या बाईला नाही. पुढे महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या समितीनं शेतमजुरांचं किमान वेतन ठरवलं, तेव्हा शेजारच्या वर्ध्यात काम करणारे डॉ. अभय बंग यांनी त्या आकडेमोडीतल्या चुका एकेक करून दाखवल्या. समितीचा दर दिवसाला ४ रुपये होता. मजुराच्या कष्टाला लागणाऱ्या कॅलरी आणि कुटुंबाच्या गरजा प्रामाणिकपणे धरल्या तर तो १२ रुपये व्हायला हवा, असं त्यांनी सिद्ध केलं. एका डॉक्टरनं भाकरीचा हिशोब मांडून सरकारी वेतनाचा हिशोब खोडला, ही विदर्भातल्या सार्वजनिक जीवनातली मोठी गोष्ट आहे आणि तिची आठवण आज हवी तितकी ठेवली जात नाही. आपण या पुस्तिकेत करतो आहोत ते त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

‘तो काळ गेला, आता रेशन फुकट आहे, उपाशी कोण राहतं?’ असंही म्हटलं जातं. या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य करावा. १९७२ च्या दुष्काळासारखी अन्नान्नदशा आज नाही, आणि त्यात रेशन दुकानाचा वाटा मोठा आहे. पण माणशी महिना ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, म्हणजे जेमतेम पावणेसहाशे कॅलरी. जड श्रमांच्या दिवसाच्या गरजेचा हा पाचवा हिस्सा झाला. बाकीचे चार हिस्से मजुरीतून यायचे आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, म्हणजे यवतमाळातही, केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत होतं. त्याजागी २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये रोख देण्याचं ठरलं. रोख रक्कम खात्यात येते आणि बी-बियाण्याच्या उधारीत जिरते. धान्य निदान डब्यात तरी जातं. राज्य सरकारच्या शिवभोजन थाळीचं उदाहरणही बोलकं आहे. २०२० साली सुरू झालेल्या त्या थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असं माप ठरलं. दवाखान्यात किंवा कचेरीत कामाला आलेल्या गरजूला तिचा आधार फार मोठा आहे. पण ३० ग्रॅमची चपाती हे माप ठरवताना डोळ्यांपुढे वावर नव्हतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक योजनांत ते नसतं.

अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. भारतात माणशी कॅलरी कमी होत गेल्या याचं एक कारण अंगमेहनत कमी झाली हे असू शकतं, असं ते म्हणतात. देशाच्या सरासरीला हे लागू पडत असेल. यवतमाळातही नांगरटी ट्रॅक्टरवर गेली, मळणी यंत्रावर गेली. पण पाहा, यंत्र आलं ते मुख्यतः पुरुषांच्या कामात. तणनाशकानं काही निंदण कमी केलं, हे खरं. कापसाची वेचणी मात्र बीटी बियाणं येऊन वीस वर्षं उलटली तरी हातानंच होते, आणि बोंडं वाढली तसं वेचण्याचं कामही वाढलं. ज्यांची मेहनत घटली त्यांच्यात साखरेचा आजार वाढतो आहे, त्यांनी ही पुस्तिका वाचून भाकर वाढवू नये. ती त्यांच्यासाठी नाही.

पोट भरायचं ठरलं तरी कशानं भरायचं, हा प्रश्न उरतोच. भूक मारणं आणि भूक भागवणं यांत यवतमाळच्या वावरात रोज गल्लत होते. सकाळी गोड चहा, दहा वाजता खर्रा, दुपारच्या जेवणावर पुन्हा खर्रा, चार वाजता चहा. तंबाखू-सुपारीनं भूक मरते, बळ मिळत नाही. मजूर त्याला ‘तलफ’ म्हणतो, पण पुष्कळदा ती भूकच असते. दुसरीकडे पाच-दहा रुपयांच्या कुरकुऱ्या पुड्यांत कॅलरी भरपूर असतात, पण मीठ आणि तळणाचं तेल यांच्यापलीकडे फारसं काही नसतं. याउलट हवी ती खोट भरून काढणारे पदार्थ याच जिल्ह्याच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वरच्या सोळाशे कॅलरींच्या दिवसात एक भाकर वाढवली की पावणेतीनशे येतात. ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे तेवढेच देतात. त्यासोबत गुळाचा २५ ग्रॅमचा खडा शंभराच्या जवळ नेतो आणि जवसाची चटणी तेल घालून भाकरीवर घेतली की सव्वाशे-दीडशे. एकूण आठशेच्या आसपास, म्हणजे नेमकी राहिलेली खोट. आणि हे सगळं दुपारच्या एकाच जेवणात कोंबायचं नाही. निघताना पोटभर न्याहारी, दहा-अकराला दाणे-गूळ, मग भाकर. उन्हातल्या कामात भूक मंदावते, म्हणून वैशाखात आंबील आणि मिठाचं ताक यांचं महत्त्व मोठं. ‘कॅलरी कसल्या मोजता, खरी कमतरता प्रथिनांची आहे’ असं कोणी म्हणेल, तर त्याचं उत्तर पुन्हा सुखात्मे यांच्याकडेच आहे. धान्य आणि डाळ असा आहार पोटभर असला तर प्रथिनं बहुतांशी भागतात, आणि पोट अर्धं असलं तर खाल्लेली प्रथिनंही सरपणासारखी जळून जातात, हे त्यांनी आग्रहानं मांडलं होतं. ज्वारीत लायसिन कमी, ते तुरीच्या वरणात भरून निघतं. वरण घट्ट करा, हा सल्ला म्हणूनच डब्यातल्या भाकरीच्या जोडीनंच द्यायला हवा.

हे सगळं कधी मिळत नाही, तर आषाढ ते भाद्रपद. रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली गरिबीच्या ऋतुचक्रावर ग्रंथ संपादित केला. पावसाळ्यात काम सर्वांत जड, धान्य सर्वांत कमी, आजार सर्वांत जास्त आणि कर्ज सर्वांत महाग, ही त्यातली साखळी यवतमाळला जशीच्या तशी लागू पडते. पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला, कापूस यायला दसरा-दिवाळी, आणि निंदण मात्र ऐन भरात. पूर्वी या फटीत मूग आणि उडीद येत. कपाशीच्या ओळींत ते पेरलेले असत आणि पोळ्याच्या सुमारास शेंगा घरात येत, बरबटी येई. ज्वारीचं कणसही पुढे मागे हातात असे. याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. १९६४ मध्ये आलेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी त्यांच्या काळात गावोगाव पोचली, आणि अन्नात स्वयंपूर्ण होण्याचा ध्यास त्यांनी राज्याला लावला. आज त्याच जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीन यांनी खरीप व्यापलेला आहे. दोन्ही पिकांत अन्न नाही असं नाही. क्विंटलभर कापसात साठ किलोंहून जास्त सरकी निघते, तिचं तेल देशभरच्या खाद्यतेलात जातं. सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, पण ते कारखान्यातून गेल्याशिवाय ताटात येत नाही. बाई ओटीतून जे वाहून नेते त्यात स्निग्धांश असतो आणि तिच्या भाजीत तेल मोजून पडतं.

मग खर्च कोणी करायचा? कास्तकार म्हणेल, वेचणीचा दरच परवडत नाही, वर डबा कुठून देऊ? कापसाच्या भावाची अवस्था पाहता हे रडगाणं नव्हे, ती त्याची खरी अडचण आहे, आणि अनेक ठिकाणी कास्तकारीण स्वतःही त्याच ओळीत वेचत असते. म्हणूनच हा खर्च एकट्या बांधावर टाकू नये. १९७२ च्या दुष्काळी कामांवर मजुरांना सुकडी दिली जात होती. कामाच्या जागी अन्न देणं महाराष्ट्राला नवीन नाही. रोजगार हमीच्या कायद्यात कामावर सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार आणि मुलांसाठी पाळणाघर यांची तरतूद आहे, जेवणाची नाही. ती घालता येईल. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. हेच जेवण निंदणाच्या दोन महिन्यांत मजूर बाईपर्यंत वावरात पोचवण्याचा प्रयोग कोलाम आदिवासींच्या पोडांपासून, म्हणजे वस्त्यांपासून, सुरू करता येईल. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली, तेव्हा मजुराच्या शरीराकडे राज्याचं लक्ष गेलं. हातमोजे, मास्क यांची चर्चा झाली आणि ती गरजेचीही होती. पण फवारणाऱ्याच्या पोटात सकाळी काय गेलं होतं, हे त्या सगळ्या चर्चेत फारसं कोणी विचारलं नाही.

ज्वारी परत आणा, असं म्हणणं सोपं आहे. रोही आणि रानडुकरं कणसं ठेवत नाहीत, पाखरं राखायला माणूस मिळत नाही, कापणीला मजुरी जास्त आणि बाजारात भाव कमी. ही कारणं खरी असल्यामुळेच ज्वारी गेली, शेतकरी आळशी झाला म्हणून नाही. या पुस्तिकेचा आग्रह म्हणून माफक आहे: सगळ्या वावराचा नाही, घरच्या वर्षाच्या खाण्यापुरत्या ज्वारीचा, आणि कपाशीच्या प्रत्येक वावरात मूग-उडदाच्या काही ओळींचा. ज्वारी रेशनवर आणली तर तिला भावही मिळेल आणि ज्यांना शेतच नाही त्यांच्या डब्यातही ती जाईल.

पुढच्या पानांतले तक्ते चैत्रापासून नाही, आषाढापासून सुरू होतात. ते वापरण्याआधी घरातला एक दिवसाचा डबा काट्यावर तोलून घ्यावा: भाकरीचं पीठ किती, डाळ किती, तेल किती चमचे, दाणे किती. बाईचा डबा वेगळा तोलावा, घरातल्या सगळ्यांची सरासरी काढू नये. आकडे ५५ किलोच्या बाईसाठी आणि ६५ किलोच्या पुरुषासाठी आहेत. वजन दहा किलोंनी कमी असलं तर दहा-बारा टक्के वजा करावेत. गरोदर बाईसाठी त्यावर रोज ३५० कॅलरी चढवाव्यात, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी पहिले सहा महिने ६०० व पुढचे सहा महिने ५२०. दिवाळीनंतर वेचणीवर जाणाऱ्या पाजत्या आईसाठी वेगळा तक्ता केला आहे, कारण बायांच्या या सगळ्या हिशोबात तिचीच गरज सर्वांत मोठी निघते.